लहान मुलावर अत्याचार झाला तर शिक्षा किती? ते ठरतं एफआयआरमध्ये लागलेल्या कलमावर

लहान मुलाला मारहाण झाल्याचा एखादा व्हीडिओ आपल्या फोनवर येतो. खाली शेकडो कमेंट असतात आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये एकच मागणी असते, 'फाशी द्या'. दोन दिवसांनी बातमी येते की आरोपीला जामीन मिळाला. मग पुन्हा कमेंट सुरू होतात. कायदाच नाही का, पोलीस काय करतात, लहान मुलाचा छळ केला तर एवढीच शिक्षा?

कायदा आहे. एक नाही, किमान तीन आहेत. त्यात दहा हजारांच्या दंडापासून मृत्युदंडापर्यंत सगळं आहे. पण एखाद्या प्रकरणात यातलं नेमकं काय लागू होणार, हे लोकांच्या संतापावर ठरत नाही. तक्रार कधी झाली, वैद्यकीय कागदावर काय लिहिलं गेलं आणि एफआयआरमध्ये कोणतं कलम पडलं, यावर ते ठरतं. म्हणजे पहिले काही तास फार महत्त्वाचे.

बदलापूरचं प्रकरण आठवून बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतल्याच एका कर्मचाऱ्यानं लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप झाला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले आणि लोकल बंद पडल्या. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी रुळांवरच्या लोकांची मागणी फाशीची होती. पण सगळं बिघडलं होतं ते त्याच्या आधी, शाळेच्या ऑफिसात आणि ठाण्याच्या बाकावर.

म्हणून 'शिक्षा किती' हे समजून घेताना 'कोणत्या कलमाखाली' हे आधी बघूया.

कोणते कायदे लागू होतात?

पहिला, बाल न्याय कायदा २०१५. लोक त्याला 'जेजे अॅक्ट' म्हणतात. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्यानं केलेली मारहाण, छळ, मुलाला टाकून देणं, जाणूनबुजून दुर्लक्ष करणं, हे सगळं त्यात येतं.

दुसरा, पोक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला तो लागू आहे. मुलगा असो वा मुलगी.

तिसरी, भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून ती जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आली. साधी दुखापत, गंभीर दुखापत, खुनाचा प्रयत्न, खून यांची कलमं त्यात आहेत.

गोव्यात यांच्या जोडीला २००३ चा स्वतंत्र गोवा बाल कायदा आहे आणि त्यासाठी वेगळं बाल न्यायालयही आहे.

एकाच घटनेला तिन्ही कायद्यांची कलमं लागू शकतात. एकच कृत्य पोक्सो आणि न्याय संहिता दोन्हींत बसत असेल तर ज्यात शिक्षा जास्त ती द्यायची, असं पोक्सोचं कलम ४२ सांगतं.

घरात मूल मार खातं, तो गुन्हा कधी होतो?

हा आपल्याकडचा सगळ्यात अवघड प्रश्न. 'छडी लागे छम छम' म्हणत मोठी झालेली पिढी आपल्याकडे आहे. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचं त्यात दिसलं. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते.

आईवडिलांनी मुलावर हात उगारणं पूर्णपणे बंद करणारा कायदा भारतात आजही नाही. उलट न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्भावनेनं केलेल्या कृत्याला काही प्रमाणात संरक्षण आहे. पण मुद्दाम गंभीर दुखापत करण्याला ते संरक्षण मिळत नाही.

रेषा ओढली जाते ती बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर तो गुन्हा आहे. स्वतः हात लावला नाही, पण दुसऱ्याकडून मारायला लावलं, तरीही.

शिक्षा अशी आहे:

• साधारण परिस्थितीत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

• मुलाच्या सांभाळाची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं किंवा चालकानं केलं तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड.

• या क्रूरतेमुळे मूल अपंग झालं, त्याला मानसिक आजार जडला किंवा जीवाला धोका निर्माण झाला, तर किमान ३ आणि जास्तीत जास्त १० वर्षं सक्तमजुरी आणि ५ लाख दंड.

आता यात न्याय संहितेची कलमं मिसळा. हातानं मारलं, सूज आली, तर ती साधी दुखापत. कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद. चुलीवर तापवलेल्या उलथन्यानं चटका दिला तर कलम ११८(१), तीन वर्षांपर्यंत कैद, कारण आगीनं किंवा तापलेल्या वस्तूनं केलेली दुखापत कायदा वेगळी धरतो. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत होते आणि कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

यातला बारकावा लक्षात घ्या. पहिलं कलम अदखलपात्र आहे. त्यात पोलीस बहुतेक वेळा 'एनसी' लिहून घेतात आणि पाठवून देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमात त्यांना गुन्हा नोंदवून तपास करावा लागतो. मूल तेच, मारणारा तोच. पण एक्स-रे काढला गेला की नाही, डॉक्टरांनी 'पडून लागलं' लिहिलं की 'चटक्याची खूण' लिहिलं, यावर सगळं प्रकरण फिरतं.

दुसऱ्या टोकाला, प्रत्येक धपाटा हा कायद्यानं 'छळ' ठरत नाही. गोव्यात शाळेत एका मुलाला दप्तरानं मारल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये हेच सांगितलं. छळ करण्याचा हेतू किंवा सातत्य दिसत नसेल, तर अशा एका फटक्याला गोवा बाल कायद्याखालचा बालछळ म्हणता येणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे छळाचं कलम लावायचं तर घटनेमागचा हेतू, तिची तीव्रता आणि ती पुन्हा पुन्हा घडते का, हे पुराव्यात यायला हवं.

दुर्लक्ष आणि गरिबी यात फरक कसा करायचा?

कलम ७५ मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द आहे आणि तो तिथे असणं फार गरजेचं आहे.

बीडमधून ऊसतोडीला गेलेलं जोडपं पहाटे फडात जातं आणि तान्हं मूल मोठ्या भावंडाच्या भरवशावर कोपीत राहतं. धुण्याभांड्याची कामं करणारी आई घराला बाहेरून कडी लावून जाते. ही मुलं धोक्यात आहेत, यात वाद नाही. पण पाळणाघर परवडत नाही आणि अंगणवाडी दिवसभर चालत नाही, म्हणून आलेली ही वेळ आहे. तिला 'जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष' म्हणून आईला तुरुंगात टाकलं तर मुलाचं काय भलं होणार? अशा ठिकाणी कायद्याचा दुसरा रस्ता आहे. बाल कल्याण समिती अशा मुलाला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' मानून मदतीची व्यवस्था करू शकते.

पण घरात सगळं असताना सावत्र मुलाला उपाशी ठेवणं, आजारी मुलीला 'मुलगीच आहे' म्हणून दवाखान्यात न नेणं, कामाला ठेवलेल्या मुलीला जिन्याखाली झोपवणं, याला परिस्थितीचं कारण देता येत नाही.

मूल टाकून देण्याबद्दलही असाच फरक आहे. १२ वर्षांखालच्या मुलाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं आईवडिलांनी कुठे टाकलं, तर न्याय संहितेच्या कलम ९३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून नव्हतं असंच गृहीत धरावं, असं बाल न्याय कायदा सांगतो.

आणि एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते. मूल सांभाळणं खरंच अशक्य असेल तर ते बाल कल्याण समितीकडे कायदेशीरपणे सोपवता येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ मध्ये ही सोय आहे. पालकांचं समुपदेशन होतं आणि निर्णय बदलण्यासाठी दोन महिने मिळतात. कचराकुंडीत, मंदिराच्या पायरीवर, एसटी स्टँडवर बाळ सापडल्याची बातमी आली की आपण आईला शिव्या देतो. ही सोय आहे, हे त्या आईला कुणी सांगितलं होतं का, हाही प्रश्न विचारायला हवा.

लैंगिक अत्याचार असेल तर?

इथे पोक्सो लागतो आणि शिक्षा एकदम वर जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं चित्र असं आहे:

• लैंगिक शेरेबाजी, अश्लील हावभाव, अश्लील काही दाखवणं, सतत पाठलाग: ३ वर्षांपर्यंत कैद.

• लैंगिक हेतूनं स्पर्श: किमान ३, कमाल ५ वर्षं.

• हाच स्पर्श नातेवाईक, शिक्षक, पोलीस, संस्थेचा कर्मचारी अशा विश्वासातल्या माणसानं केला, किंवा मूल १२ वर्षांखालचं असलं: किमान ५, कमाल ७ वर्षं.

• प्रवेशी लैंगिक अत्याचार: किमान १० वर्षं ते जन्मठेप. मूल १६ वर्षांखालचं असेल तर किमान २० वर्षं.

• विश्वासातल्या माणसानं किंवा १२ वर्षांखालच्या मुलावर केलेला प्रवेशी अत्याचार: किमान २० वर्षं, मरेपर्यंत तुरुंगवास किंवा मृत्युदंड.

म्हणजे 'फाशी द्या' ही मागणी कायद्यात आधीच आहे. तरीही आकडे वाढतच आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार देशात मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची २०२२ मध्ये १,६२,४४९ आणि २०२३ मध्ये १,७७,३३५ प्रकरणं नोंदली गेली. यातली काही वाढ लोक तक्रार करायला पुढे येऊ लागल्यामुळेही असू शकते. पण कडक शिक्षेच्या भीतीनं गुन्हे थांबले, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

एका कलमानं काय फरक पडतो?

नागपूरचं प्रकरण बघा. पेरू देतो म्हणून एका माणसानं १२ वर्षांच्या मुलीला घरात नेलं आणि तिच्या छातीला हात लावला. सत्र न्यायालयानं त्याला पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याला पोक्सोतून सोडलं. कपड्यांवरून हात लावला, त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क झाला नाही, म्हणून पोक्सो लागत नाही, असं ते म्हणणं. उरलं जुन्या दंड संहितेचं विनयभंगाचं कलम आणि एक वर्षाची शिक्षा.

देशभर खळबळ माजली. सर्वोच्च न्यायालयानं आधी स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपडा मध्ये होता की नाही हे नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. तीन वर्षांची शिक्षा परत आली.

घटनेतला एकही तपशील बदलला नव्हता. कलम बदललं आणि तीन वर्षांचं एक वर्ष झालं, आणि पुन्हा तीन.

पाळणाघर आणि शाळेत झालं तर?

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही फुटेज बाहेर आलं. दहा महिन्यांच्या बाळाला आया मारत होती, आपटत होती. ते फुटेज ज्यानं पाहिलं तो विसरला नाही. बाळाला झालेली इजा आणि फुटेज समोर आल्यावर त्या प्रकरणात खुनाच्या प्रयत्नाचं कलमही जोडलं गेलं. कॅमेरा नसता तर ही केस 'रडत होतं, पडलं असेल' इथेच संपली असती का, हा विचार अस्वस्थ करतो. बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत पुरावा म्हणजे कॅमेरा आणि डॉक्टरांचा कागद, एवढंच असतं.

शाळेची गोष्ट थोडी वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा देणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं यावर बंदी आहे. पण हे कलम मोडलं तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. तुरुंगवास त्यात नाही. बाल न्याय कायद्यातलं शारीरिक शिक्षेचं कलम ८२ हे बालगृहासारख्या संस्थांसाठी आहे आणि त्यात पहिल्या वेळी फक्त दहा हजार रुपये दंड आहे. त्यामुळे शिक्षकानं मुलाला बेदम मारलं, तर 'शाळेनं चौकशी समिती नेमली' यावर समाधान मानू नका. कलम ७५ आणि दुखापतीची कलमं शाळेतही लागू शकतात.

गप्प बसणं हाही गुन्हा आहे

पोक्सोतली सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात महत्त्वाची तरतूद हीच. कलम १९ म्हणतं, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर कोणत्याही व्यक्तीनं ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, आत्या, मामा, कुणीही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. तक्रार आली आणि पोलिसानं नोंदवून घेतली नाही, तर तोही याच कलमात सापडतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहातल्या अत्याचारांचं प्रकरण होतं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं माहिती असूनही पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा गुन्हेगाराला वाचवण्याचा तो प्रयत्न असतो, असं न्यायालयाचं मत पडलं.

बदलापूरमध्येही शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांना अटक झाली. मुख्य आरोपी मात्र त्याआधीच, २३ सप्टेंबरला, पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. अनेकांनी पेढे वाटले. पण आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या मुलींचं म्हणणं न्यायालयात तपासलं जाऊन त्याच्याविरुद्ध कधी निकाल लागणार नाही. ज्यांना न्याय हवा होता त्यांना हे कितपत मिळालं, याचा विचार पेढे वाटणाऱ्यांनी करायला हवा.

कळवण्याच्या सक्तीला एक दुखरी बाजूही आहे. पोक्सोमधल्या गंभीर अत्याचाराच्या नोंदलेल्या प्रकरणांत ९५ टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, कधी बापच. आई गप्प बसते तेव्हा घर चालवणारा माणूस तुरुंगात जाईल ही भीती असते, आणि किमान वीस वर्षांची शिक्षा ऐकून ती भीती आणखी वाढते. कायद्याच्या नजरेत ती आईसुद्धा आरोपी होऊ शकते. म्हणून सक्तीबरोबर तिला राहायला जागा, पैसा आणि आधार देणारी व्यवस्था उभी राहिली नाही, तर शिक्षा वाढतील आणि तोंडं आणखी बंद होतील. अल्पवयीन गर्भवती मुली याच भीतीनं दवाखान्यात येत नाहीत, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये थोडी वाट काढली. संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेल्या मुलीचा गर्भपात करताना, तिनं किंवा पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

२०२१ च्या दुरुस्तीनं काय बदललं?

बाल न्याय कायद्यात २०२१ मध्ये एक बदल झाला आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे आधी दखलपात्र होते. ते अदखलपात्र झाले. मुलाला भीक मागायला लावणं, मूल विकणं, मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणं, संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं केलेली क्रूरता, हे सगळं यात येतं. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. दिल्लीच्या बाल हक्क आयोगानं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

सामान्य माणसासाठी यातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच. एका प्रकरणात अनेक कलमं असतील आणि त्यातलं एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र मानलं जातं. म्हणून तक्रारीत चटका, मोडलेलं हाड, हत्यार, लैंगिक स्पर्श यांतलं जे घडलं असेल ते नेमकं लिहिणं गरजेचं आहे. 'मुलाला त्रास देतात' एवढंच लिहिलं तर हाती एनसीची पावती येते.

तो व्हीडिओ फॉरवर्ड करण्याआधी

आता आपल्या फोनकडे येऊ. 'या नराधमाला शिक्षा व्हावी म्हणून शेअर करा' असा मेसेज येतो. हेतू चांगला असतो. पण पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, घर किंवा ओळख पटेल असं काहीही जाहीर करणं हा पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड होऊ शकतो. लैंगिक गुन्हा नसला तरी बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दृश्य लैंगिक असेल तर तो व्हीडिओ पाठवणंच नव्हे, डाउनलोड करणं आणि पाहणंही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. असं साहित्य जवळ ठेवण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये कडक भूमिका घेतली.

कायदा बाजूला ठेवा. ते मूल उद्या दहावीत जाईल, नोकरी शोधेल. तेव्हाही तो व्हीडिओ कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

मग करायचं काय?

१०९८ ला फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि फोन मोफत आहे. तातडीचा धोका असेल तर ११२. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर पोक्सोखाली कारवाई होत नाही.

मुलाला आधी दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, लैंगिक अत्याचार झालेल्या मुलावर तिथे मोफत प्रथमोपचार किंवा उपचार व्हायलाच हवेत आणि रुग्णालयानं पोलिसांना कळवायला हवं. मारहाण असेल तर जखमांची लेखी नोंद मागा.

'घटना आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. दखलपात्र गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ई-एफआयआर केली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

पोक्सोमध्ये मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. खटल्यात मुलाच्या सोबतीला आधार व्यक्ती मागता येते. खटला शक्यतो एका वर्षात संपावा, असं कायदा म्हणतो.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घ्या, घरी नेऊन वाचा. कोणती कलमं लागलीत ते बघा. जे घडलं ते त्यात नसेल तर पुरवणी जबाब द्या, वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी कळवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे मोफत वकील मिळतो.

बदलापूरच्या रुळांवर हजारो लोक उभे राहिले, कारण पालकांना ठाण्यात ताटकळावं लागलं होतं. तसंच एखाद्या सोसायटीत, वाडीत, शाळेत आज कुणीतरी काहीतरी पाहिलं असेल आणि 'आपल्याला काय करायचंय' म्हणून दार लावून घेतलं असेल. ते तुम्ही असाल, तर फाशीची कमेंट लिहिण्याआधी १०९८ फिरवा.